घरच्यांपासूनही गुप्त

निकालाचं वाचन सुरू झालं तेव्हा ऑपरेटरबाईंनी आपल्या वकीलबाईंचं मनगट इतकं घट्ट धरलं की त्या कुजबुजल्या, "अहो, मला लिहायला तरी सोडा!"

ऑपरेटरबाई एका मोठ्या इस्पितळाचा टेलिफोन सांभाळायच्या. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं, पण एकदा ऐकलेला आवाज त्या विसरत नसत. मतदानाला मात्र दर वेळी थोरल्या भावाला घेऊन जावं लागे. दादा शिंपी होता. बाई उमेदवार सांगायच्या, दादा शिक्का मारायचा. मागच्या निवडणुकीनंतर जेवता जेवता तो सहज बोलून गेला, "तुझंही मत मी आमच्याच माणसाला दिलं. तुला त्यातलं काय कळतंय?"

बाई अर्ध्या ताटावरून उठल्या.

सख्ख्या भावाला कोर्टात कोण खेचणार? त्यांनी सरकारला खेचलं. मागणी एवढीच, की बोटांनी वाचता येईल अशी मतपत्रिका द्या, बाकीचं माझं मी बघून घेईन.

झालं, शहरभर वाद पेटला. रेडिओवर एक गृहस्थ म्हणाले, मदतनीस मिळतोय ना, मग हा हट्ट कशाला? दुसऱ्याच दिवशी एक शिक्षिका त्यांच्यावर तुटून पडल्या, "तुमचा शिक्का तुमच्या सासूबाईंनी मारलेला चालेल का हो?" दादाच्या दुकानात गिऱ्हाईकं माप द्यायला यायची आणि भांडून जायची. दादा गाल फुगवून मशीन चालवायचा. बहिणीशी कामापुरतं बोलायचा.

आणि आता खच्चून भरलेल्या कोर्टात न्यायाधीश वाचत होते. सपाट आवाज. माणसांचे आवाज ओळखण्यात आयुष्य गेलेल्या बाईंना त्यातून काही म्हणजे काही कळेना. मग ते वाक्य आलं.

"गुप्त मतदान म्हणजे शेजाऱ्यांपासून गुप्त, सरकारपासून गुप्त आणि घरच्यांपासूनही गुप्त."

"म्हणजे काय हो?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे जिंकलो!" वकीलबाई जवळजवळ ओरडल्याच.

टाळ्यांच्या कडकडाटात मागच्या बाकावरून एक खोकला आला. बाई गर्रकन वळल्या. "दादा? दुकान बंद करून आलास?"

"गिऱ्हाईकंच नव्हती," दादा पुटपुटला.

बाहेर पत्रकारांनी त्यालाच घेरलं. तुमचा तर विरोध होता ना?

"होता काय, आहे!" दादा उसळला. "ती चुकीच्याच माणसाला मत देणार, लिहून घ्या. पण चुकायचं असेल तर तिचं तिनं चुकावं, असं ते आतले न्यायाधीश म्हणतायत. अन् त्यावर मला काही बोलताच येईना."

बाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या निवडणुकीत त्या पडद्याआड एकट्या गेल्या. उठावाच्या ठिपक्यांवरून बोटं फिरू लागली. एकेक नाव, एकेक पक्ष. ज्यांना मेलं तरी मत द्यायचं नव्हतं, तीही नावं त्यांनी चवीनं वाचली. बाहेरून अधिकाऱ्यानं विचारलं, "बाई, झालं का?"

"थांबा हो! इतकी वर्षं दुसऱ्यानं वाचलंय, आज मला पुरतं वाचू द्या."

घरी येईपर्यंत दादानं त्यांना सळो की पळो करून सोडलं. "अगं, मला एकट्याला सांग. कुणाला सांगणार नाही मी."

"दादा, कोर्टाचा अवमान होईल."

बाईंचा उमेदवार सपाटून आपटला. तरी निकालाच्या दिवशी त्या टेलिफोनपाशी गुणगुणत बसल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला. कुणा डॉक्टरसाठी नव्हता, त्यांच्यासाठीच होता. चाकाच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ संतापून सांगत होते, की मतदान केंद्राला पायऱ्या आहेत, शिपाई त्यांना पोत्यासारखं उचलून वर नेतात आणि बघणारे हसतात.

"मी काय करू शकतो, बाई?"

ऑपरेटरबाई सावरून बसल्या. "आधी वकीलबाईंचा नंबर उतरवून घ्या," त्या म्हणाल्या. "अन् मग मला सगळं पहिल्यापासून सांगा."