अरुंद तोंडाची शिशी

लिलाबाईच्या मानेतल्या गाठीत कॅन्सर निघाला नाही. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण ते सरकारी दप्तरात कुठंच नाही, आणि जे दप्तरात नाही ते घडलेलं नसतं.

घडलं ते एवढंच. मेडशीची रत्नमाला सोमवारी आईला, म्हणजे लिलाबाईला, एसटीत बसवून जिल्ह्याच्या ‘निदान भवना’त घेऊन आली. पिशवीत खोकल्याच्या औषधाची रिकामी शिशी होती आणि शिशीत आईची गाठ. गावाकडच्या डॉक्टरांनी गाठ काढली त्या दिवशी रुंद तोंडाच्या बरण्या संपल्या होत्या. मग वॉर्डातल्या बाईनं ती मऊ गाठ बोटानं शिशीत ढकलली आणि ती कुजू नये म्हणून वरून फॉर्मलीन ओतलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, “शुक्रवारपर्यंत रिपोर्ट आणा. साधी असली तर टाके काढून मोकळं करतो. कागद नसला तर कॅन्सर धरून शनिवारी मोठं ऑपरेशन.”

निदान भवनात चार खिडक्या होत्या.

पहिली रक्ताची. “पातळ असंल त द्या. आमी रक्तातल्या पेशी मोजतो. हे त घट्ट आहे.”

दुसरी जंतूंची. “थुंकी आणा, लघवी आणा, त्यातले जंतू वाढवून दाखवतो. फॉर्मलीनमंदी सारे मरतात. मेलेल्याची काय चौकशी करू?”

तिसरी पेशींची. “आमी सुई टोचून चार पेशी काढतो अन् काचेवर पसरतो. त्याले गाठ अंगात पाह्यजे.”

“अंगात होती तवा काहून नाही टोचली?”

“तवा तुमी आल्या नव्हत्या.”

चौथ्या खिडकीत देवमन बसला होता. त्यानं शिशीवर ४१७ नंबर चिकटवला, रजिस्टरात आणि कॉम्प्युटरात चढवला आणि मग शिशी उलटी केली. गाठ तोंडाशी येऊन अडकली.

“काम आमचंच आहे, ताई. गाठीचा पापुद्र्यासारखा काप काढाचा, रंगवाचा, मायक्रोस्कोपखाली पाहाचा. साधी का कॅन्सरची, ते इथंच कळते. पण फॉर्मलीननं गाठ कडक होते. गेली मऊ, आता निंगत नाही.”

“मंग फोडा शिशी.”

“नंबर शिशीले आहे, गाठीले नाही. शिशी फुटली त नमुना नष्ट.”

“चार खिडक्या झाल्या. काहून फिरवून राह्यले मले? कोण फोडते ते तरी सांगा.”

“फाडाफोडीचं काम शवविच्छेदनवाल्याचं. पण त्याले पेशंट मेलेला लागते.”

बाकावरून लिलाबाई मानेची पट्टी सावरत म्हणाली, “तेवढ्यासाठी अडून नको राहू, पोरी. ते जमवतो मी.”

सकाळपासून रत्नमालाच्या डोक्यात जे शिजत होतं ते इथं उतू गेलं. तिनं टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला आणि शिशीवर हाणला. फॉर्मलीन टेबलभर पसरलं, वास नाकात चढला आणि सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. एका पेशंटसाठी अख्खं ऑफिस रडलं, असं त्या इमारतीत पहिल्यांदाच झालं.

आतून डॉक्टर वैजयंती मॅडम नाकाला रुमाल लावून आल्या. त्यांनी चिमट्यानं गाठ उचलली आणि “गुरुवारी या” म्हणून परत गेल्या.

गुरुवारी मॅडम म्हणाल्या, “मी स्वतः पाहिली. साधी आहे.”

लिलाबाई हसली. रत्नमाला हसली नाही. “कागद?”

मॅडमनी देवमनकडे पाहिलं. देवमननं रजिस्टर फिरवून दाखवलं. “चारशे सतरा. शिशी फुटली, नमुना नष्ट. कॉम्प्युटरनं नंबर बंद केला. बंद नंबरावर मॅडमची सही उमटत नाही.”

“नवा नंबर द्या.”

“नवा नंबर नव्या गाठीले. जुनी गाठ नवी म्हणून दाखवू? नोकरी जाईल माही.”

“अन् माह्या मायची मान गेली तर?”

“ते आमच्या विभागात येत नाही, ताई.”

रत्नमालाची नजर पेपरवेटकडे गेली. देवमननं तो ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. “तुमी अर्ज करा,” तो म्हणाला.

तिनं उभ्या उभ्याच लिहिला. पेनानं कागद दोन ठिकाणी फाटला.

“प्रति, मा. प्रमुख, निदान भवन. विषय: नमुना क्र. ४१७ पुन्हा सादर करण्याबाबत. महोदय, माझ्या आईची गाठ साधी आहे हे आपल्या डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिले आहे, परंतु आपल्या कॉम्प्युटरने पाहिलेले नाही. तरी सदर गाठ उद्या शुक्रवारी सकाळी दहाच्या आत आईच्या मानेत पूर्ववत बसवून, नियमानुसार रुंद तोंडाच्या बरणीत नव्याने काढून, तिला नवीन नंबर देण्यात यावा, ही नम्र विनंती.”