समिधाच्या नावाचं गाणं

कॉपीराइटची केस पालघरात कुणी घेत नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. इथल्या वकिलांना जमिनीचे दावे, चेक बाउन्स आणि नवरा-बायकोची भांडणं पुरून उरतात. गाण्याचा दावा म्हटलं की बाररूममधले सगळे चहाच्या कपात बघायला लागतात. निमेश तर मला तोंडावर म्हणाला, "अर्चना, गाण्यावरून कोण कोर्टात जातं गं? नाचायचं नि सोडून द्यायचं." पुढे हाच निमेश समोरच्या पार्टीचा वकील म्हणून काळा कोट झटकत उभा राहिला. माणसानं किती कोडगं असावं, याला काही सुमार?

माझी अशील रत्नाबाई, किनाऱ्यावरच्या दांडी गावची. सुकी मासळी विकायची, आणि गावात लग्न निघालं की धवलारीण म्हणून जायची, म्हणजे हळदीपासून पाठवणीपर्यंत नवरीची गाणी म्हणायची. तिची एकुलती एक मुलगी समिधा. मच्छीमाराची पोर असून पाण्याला भ्यायची, होडीत पाय ठेवायला नको म्हणायची. तिचं लग्न ठरलं ते नेमकं खाडीपलीकडच्या घरी. तेव्हा रत्नाबाईनं बोंबील वाळत घालता घालता एक गाणं रचलं, आणि पाठवणीच्या वेळी म्हटलं:

*समिधा गो माजी, व्हरीला भ्याली,*
*खारीच्या पल्यार कशी गो गेली.*

व्हरी म्हणजे होडी, खारी म्हणजे खाडी. पुढे अजून बारा-पंधरा ओळी आहेत, सगळ्या त्या पोरीच्याच. समिधा लग्नानंतर फार जगली नाही. काविळीनं गेली. रत्नाबाईनं ते गाणं पुन्हा तोंडातून काढलं नाही.

आता त्या लग्नात स्पीकर लावायला होता भावेश, बोईसरचा डीजे. मशीनवर आवाज आयताच टिपलेला. त्यानं काही वर्षांनी ते गाणं काढलं, खाली ढोल ठोकला, मधे बाटलीच्या आणि कमरेच्या ओळी घुसडल्या आणि स्वतःचं नाव लावून यूट्यूबवर टाकलं. ते असं चाललं की काय सांगू. डहाणूपासून वसईपर्यंत एक हळद त्याच्याशिवाय होईना. रत्नाबाईला हे कळलं ते उमरोळीच्या एका हळदीत. ती गाऊन उठली, डीजे सुरू झाला, आणि पन्नास पुरुष दारू पिऊन तिच्या मेलेल्या लेकीच्या नावावर कंबर हलवायला लागले.

"मला पैसा नको, बाय," ती माझ्या ऑफिसात म्हणाली. "तेवढं बंद करा. माज्या पोरीचं नाव त्यांच्या तोंडातून काढा."

माझे वडील कराडहून इथं वीजकेंद्रात नोकरीला आले, मी बोईसरला वाढले. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहून मला दांडीच्या लोकांचं काही माहीत नव्हतं. पण कायदा माहीत होता. जो रचतो त्याचं गाणं. त्याची कुणी विटंबना केली तर थांबवायचा हक्क त्याचाच. मी त्या भावेशला नोटीस ठोकली. तो फोनवर हसत म्हणाला, "मॅडम, फोकसाँग आहे ते. बापजाद्यांचं. पब्लिकचं." मी विचारलं, बापजाद्यांचं आहे तर खाली तुझं नाव कशाला, तू कुणाचा बापजादा? त्यानं फोन ठेवला.

सगळी गोम तिथंच होती. गाणं परंपरेनं आलेलं असेल तर ते कुणाच्याच मालकीचं नाही, कुणीही घ्यावं, कसंही वाजवावं. नवं असेल, रत्नाबाईनं रचलेलं असेल, तरच बंद करता येतं. कोर्टानं सुरुवातीला मनाई हुकूम दिला नाही. म्हणाले, साक्षीपुरावा होऊ द्या. तो व्हायला दोन पावसाळे गेले. तेवढ्या काळात ते गाणं किती लग्नांत वाजलं असेल, देव जाणे.

माझा सगळा भरवसा होता चंद्रकांताबाईवर. ही रत्नाबाईची जोडीदारीण. धवलारणी जोडीनं गातात, एकीनं ओळ सोडायची, दुसरीनं उचलायची. या दोघींची जोडी तीस वर्षांची. चंद्रकांताबाई वयानं मोठी, नाकावर राग, आणि कौतुकाच्या बाबतीत अशी कंजूष की रत्नाबाई म्हणायची, "माजं कंदी बरं झालं असं तिनं म्हटलंच नाय." तिच्यासमोरच ते गाणं रचलं गेलं होतं. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "व्हय, मी बाजूलाच होते, बोंबील घालीत होते. हिनंच बांदलं." मी प्रतिज्ञापत्र केलं, वाचून दाखवलं, तिनं सही केली. ठणठणीत साक्षीदार. मला वाटलं, आता गंगेत घोडं न्हालं.

साक्षीच्या दिवशी दोघी एकाच रिक्षातून आल्या. चंद्रकांताबाईनं लग्नाला नेसतात ते जांभळं लुगडं काढलं होतं, केसात अबोलीचा वळेसर. निमेश उलटतपासणीला उठला. मला वाटलं, आता दरडावणार, फिरवणार, तारखा विचारणार. मी तयारीत होते. पण निमेश पडला केळव्याचा. त्याची आई, आजी लग्नात गाणाऱ्या. मला जे ठाऊक नव्हतं ते तो आईच्या दुधातून प्यालेला.

तो हात जोडून म्हणाला, "मावशी, गाणं मी ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तुमच्या मते कसं आहे गाणं?"

मी हरकत घेतली. साक्षीदाराचं मत विचारायचं नसतं. साहेब म्हणाले, बोलू द्या.

चंद्रकांताबाई ताठ उभी राहिली. रत्नाबाईकडे बघितलं. आणि म्हणाली, "साहेब, खरं सांगते. ते जुनं गानं हाय."

"जुनं म्हणजे?"

"पैल्यापासूनचं. माज्या आजीच्या येलचं. आमच्या देवीनं दिलेलं."

मी हातातलं प्रतिज्ञापत्र पुन्हा पाहिलं. निमेशनं आवाज अजून मऊ केला, तिच्याच बोलीत शिरला. "मग तुमी पन म्हनता का हे?"

"म्हनते तर. माज्या नातीच्या लग्नात म्हटलं, दिशाचं नाव घालून. जी नवरी तिचं नाव घालायचं. तसंच असतं ना गानं."

"बस्स, मावशी. धन्यवाद," निमेश म्हणाला आणि खाली बसला. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

मी फेरतपासणीला उठले तेव्हा माझं डोकं तापलं होतं. "मावशी, तुम्हीच सांगितलं ना, रत्नाबाईंनी तुमच्यासमोर रचलं म्हणून? नवीन आहे ना ते?"

आणि ती बाई माझ्यावरच उखडली. "नवं नवं काय करतेस गो? तू तिची वकील, आनि तूच तिला हिनवतेस? नव्या गान्याला कोन विचारतं? आज म्हटलं, उद्या इसरलं. हिनं बांदलं ते जुनं हाय. माजी आय असती तर तिनं पन हेच म्हटलं असतं."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. त्यांच्यात गाण्याला यापेक्षा मोठी शाबासकीच नाही. गाणं उत्तम झालं की म्हणायचं, जुनं आहे, पूर्वजांचं आहे. नवं म्हणणं म्हणजे हलकं म्हणणं. ती भर कोर्टात, साहेबांसमोर, नटूनथटून आपल्या जोडीदारणीचा मान करायला उभी राहिली होती. खोटं एक अक्षर बोलली नव्हती बिचारी. पण टायपिस्टच्या मशीनवर उमटलं ते एवढंच, की गाणं साक्षीदाराच्या आजीच्या काळातलं आहे आणि त्यात नवरीचं नाव बदलतात.

मी वळून रत्नाबाईकडे पाहिलं. मला वाटलं, ती कोसळली असेल. ती रडत होती खरी. पण तिच्या चेहऱ्यावर दुःखाबरोबर आणखी काहीतरी होतं. तीस वर्षांत चंद्रकांतानं पहिल्यांदा तिच्या गाण्याला जुनं म्हटलं होतं.

मी जंग जंग पछाडलं. त्यांची ही रीत कोर्टाला समजावून सांगितली, लग्नातला व्हिडिओ दाखवला, खाडी आणि पाण्याची भीती ही त्या एकाच मुलीची गोष्ट आहे हे ओळीओळीनं मांडलं. साहेबांनी सगळं नीट ऐकलं. मग निकाल दिला की वादीच्याच साक्षीदारानं गाणं पारंपरिक असल्याचं सांगितलं आहे, सबब दावा फेटाळण्यात येतो. भावेश कोर्टाच्या पायऱ्यांवर मोबाइल घेऊन उभा होता. आता त्याला कुणाचीच भीती नव्हती.

मी रत्नाबाईला बाजूला घेतलं. चंद्रकांताबाई गेटपाशी कलिंगडवाल्याशी घासाघीस करत होती. मी म्हटलं, "मावशी, हायकोर्टात अपील करू. जिंकायची आशा आहे. फक्त तिथं आपल्याला सांगावं लागेल की चंद्रकांताबाईंची साक्ष धरू नका. त्यांना प्रश्न कळला नाही, त्यांचं म्हणणं भरवशाचं नाही, असं लिहावं लागेल."

"तिला खोटी पाडायची?"

"खोटी नाही. पण..."

"तेच ते." तिनं गेटकडे बघितलं. "नको, बाय. ती जन्मात एकदा बोलली माज्यासाटी. ते पुसू नका."

"आणि समिधा?" मला राहवलं नाही. "ते गाणं वाजतच राहणार, मावशी. रोज."

तिनं पदर तोंडावर धरला. तिच्या खांद्यांना हिसके बसत होते. मला माझ्या जिभेची लाज वाटली. पदराआडूनच ती म्हणाली, "पोर तर गेली. तिचं नाव पन गेलं. आता हीच एक राहिली हाय माज्यासंगं गायला." मग डोळे कोरडे करून माझा हात घट्ट धरला. "तिला कळू देऊ नका. ती म्हनंल, माज्यामुलं झालं. जीव देईल ती."

एवढ्यात चंद्रकांताबाई कलिंगड काखेत मारून आली. "काय म्हनला साहेब?"

रत्नाबाई म्हणाली, "साहेब म्हनला, गानं जुनं हाय."

चंद्रकांताबाईचा चेहरा उजळला. "मंग? मी काय सांगत होते?" दोघी रिक्षात बसून गेल्या. मी त्या दिवशी ऑफिसात गेले नाही, घरी जाऊन दार लावून बसले.

लग्नसराई सुरू झाली आणि एका सकाळी चंद्रकांताबाईचा फोन आला. आवाज चढलेला. "ओ वकीलबाय, काल केळव्याच्या हळदीत परत वाजलं ते घानेरडं गानं. रत्ना उठून भाईर गेली, जेवली पन नाय. आता म्हनते, गायलाच येनार नाय कुटं. साहेबानं आमचं ऐकलं होतं ना? मी एवढी साक्ष दिली. मंग तुमी काय केलं? कागद नीट लिवला नाय तुमी? एवढं शिकून काय उपेग तुमचा?"

माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

"हो, मावशी," मी म्हटलं. "माझंच चुकलं."

"मंग आदी सांगायचं ना, जमत नाय म्हनून," ती म्हणाली. "आमी दुसरा वकील केला असता."