पोलेंटाची भिंत

तळ्याकाठच्या आमच्या ओल्मेद्रात येणारा पाहुणा बोटीतून उतरतो, चर्चसमोर उभा राहून फोटो काढतो, आइस्क्रीम खातो आणि "काय शांतता आहे हो इथे!" म्हणत संध्याकाळच्या बोटीने परत जातो. शांतता आहे हे खरं. ती कशामुळे आहे, हे विचारायला मात्र कुणी थांबत नाही. आमच्या घरापुरतं सांगायचं, तर माझे दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून ती आहे.

थोरला आम्ब्रोजो, धाकटा जेर्वाझो. मधली मी, एर्सिलिया. गावात माझं औषधांचं दुकान आहे. वडील गेले त्या वर्षी तळ्यावर वादळ झालं, वडिलांची होडी सुटली आणि खडकावर आपटून फुटली. त्या संध्याकाळी दोर बांधायची पाळी कुणाची होती, याबद्दल दोघांनाही तिळमात्र शंका नाही. आम्ब्रोजोच्या मते ती जेर्वाझोची होती आणि जेर्वाझोच्या मते आम्ब्रोजोची. तेव्हापासून काठावरच्या होडीघराला दोन कुलपं आहेत. एकाची किल्ली थोरल्याकडे, दुसऱ्याची धाकट्याकडे. आत काय उरलंय ते उंदरांना ठाऊक.

बोलणं माझ्यामार्फत चालतं. दोघं दुकानात शेजारी शेजारी उभे राहतात.

"एर्सिलिया, तुझ्या भावाला सांग, त्याच्या अंजिराच्या फांद्या माझ्या कौलांवर आल्यात."

"तुझ्या भावाला सांग, कौलं जरा सरकवून घे म्हणावं."

दोघांचाही रक्तदाब उत्तम आहे. गोळ्या मी घेते.

यंदा ऑगस्टात आम्ब्रोजोची मुलगी नोएमी हॉलंडहून आली. लाकडी होड्या बांधायला शिकायला गेली होती. शिकली, आणि येताना मेनोला घेऊन आली. मेनोही होड्याच बांधतो. शांत, गोरापान, आणि इतका उंच की आमच्या घरातल्या प्रत्येक दाराने त्याच्या कपाळाशी ओळख करून घेतली. दोघांना होडीघर हवं होतं. तळ्यावर जुन्या लाकडी होड्या पुष्कळ, दुरुस्त करणारे हात मात्र उरलेले नाहीत. होडीघर मिळालं तर दोघं इथेच राहणार. नाही मिळालं, तर सप्टेंबरात हॉलंडच्या कारखान्यात परत, आणि मग आमची पोर आम्हाला नाताळात चार दिवस दिसणार.

"दोघांच्या किल्ल्या एकाच वेळी दारापाशी यायला हव्यात," मी म्हटलं. "तुझ्या बापाला मी पटवीन एक वेळ. पण तो हो म्हणाला, की त्याच कारणासाठी तुझा काका नाही म्हणेल."

"रविवारी तोक आहे ना?" नोएमी म्हणाली.

"आहे."

"मग झालं की. मेनोला आत्या, तू तुझ्या समोर बसव. बाकीचं मी बघते."

तोक म्हणजे पोलेंटा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. लाकडाच्या आचेवर, तांब्याच्या रुंद तोंडाच्या हंड्यात, कुणाचे तरी खांदे मोडेपर्यंत घोटायची. त्यात लोणी आणि चीज इतकं घालायचं, की माझ्या दुकानाचं पुढच्या महिन्याचं गिऱ्हाईक तिथेच पक्कं व्हावं. मग हंडा मधोमध ठेवून सगळ्यांनी भोवती बसायचं आणि हाताने खायचं, ज्याने त्याने आपल्या पुढ्यातलं. ताट नाही, चमचा नाही. भांडण असो, कोर्टकचेरी असो, तोकला यावंच लागतं. न येणारा मेला असं धरून गाव सांत्वनाला येतं.

म्हणून माझे भाऊ येतात. हंड्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसतात आणि आपापल्या बाजूने खात मध्यापर्यंत येतात. तिथे थांबतात. मधे चार बोटं रुंदीची भिंत उरते, माझ्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत. तिला कुणी हात लावत नाही. ज्याचा हात पहिला लागेल, तो नमला. पोलेंटा संपली की त्याच हंड्यात लवंग-दालचिनी घालून वाइन उकळायची आणि पाळीपाळीने प्यायची, ही रीत. आमच्याकडे भिंत तशीच ठेवून वाइन ओततात, त्यामुळे आमची वाइन पेजेसारखी लागते. तक्रार कोण करणार? आणि कुणामार्फत?

शनिवारी मी नोएमीला विचारलं, "त्याला भिंतीचं सांगितलंस का?"

"नाही."

"अगं, का?"

"सांगितलं तर तो पाळेल, आत्या."

रविवारी आम्ब्रोजोच्या अंगणात द्राक्षांच्या मांडवाखाली हंडा उतरला. पोलेंटा मेनोने घोटली होती, एकदाही हात न बदलता. आम्ब्रोजोने ते बघून न बघितल्यासारखं केलं.

"एर्सिलिया, तुझ्या भावाला सांग, डचांच्या मानाने बरी जमलीय."

"त्याला सांग, चव न घेता मत द्यायची सवय त्याला लहानपणापासून आहे."

खायला सुरुवात झाली. मेनोने आमचं बघून बघून हाताने खायचं शिकून घेतलं, बोटं दोनदा भाजली, कुरकुर केली नाही. खारवलेला मासा, पोलेंटा, पुन्हा मासा. त्याच्या पुढ्यातलं बघता बघता संपलं. भावांच्या बाजूही संपल्या. दोघं हात पुसून मागे टेकले आणि मधे भिंत उभी राहिली, दरवर्षीसारखीच.

मेनोने एकेकाकडे पाहिलं. कुणी खात नाही असं दिसल्यावर त्याने त्याच्या टोकाकडून भिंतीत हात घातला.

मांडवाखाली इतकं शांत झालं, की पाहुण्यांनी फोटो काढावा. मेनो मात्र निवांतपणे खात होता. पहिला घास, दुसरा, तिसरा. बोगदा खणणाऱ्या माणसासारखा तो सरळ माझ्या दिशेने निघाला होता. मी नोएमीकडे पाहिलं. ती माशाचे काटे काढत होती, अगदी मन लावून.

भिंत निम्मी झाली तेव्हा आम्ब्रोजोला वाचा फुटली. "अरे ए! काय करतोयस?"

मेनोचा हात थांबला. "चुकलं का? कुणी खात नव्हतं."

"खात नव्हतं म्हणजे काय!" जेर्वाझो उसळला. "ती आमची आहे!"

"आमची आहे!" आम्ब्रोजोही ओरडला.

'आमची' हा शब्द या अंगणात वडील गेल्यापासून कुणी ऐकला नव्हता. मी अंगावर क्रॉसची खूण केली. औषधं विकणारीने असं उघडपणे करू नये, पण केली.

"मग तुम्ही का खात नाही?" मेनोने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "चांगली आहे. सगळं लोणी इथेच उतरलंय."

दोघांनी हंड्यात वाकून पाहिलं. भिंतीच्या पायथ्याशी लोण्याचं सोनेरी तळं साचलेलं होतं.

"एर्सिलिया," आम्ब्रोजो खोल आवाजात म्हणाला, "तुझ्या भावाला विचार, लोणी दरवर्षी तिथेच असायचं का?"

जेर्वाझोने बोट बुडवून चाटलं. "सांग त्याला, असणार." चेहरा असा, जणू सरकारने वारसाहक्काने मिळालेलं शेत बुडवलंय.

नोएमीने काटे बाजूला ठेवले. "बाबा, काका, या माणसाला काही वळण नाही, हे मला मान्य आहे."

"वळण?" जेर्वाझो म्हणाला. "याला साधी माणुसकी नाही!"

"काल माझ्या दारात वाकायचंसुद्धा सुचलं नाही त्याला," आम्ब्रोजोने पुस्ती जोडली.

"तेच म्हणते मी. वळण लावायचं तर तो इथे राहायला हवा. हॉलंडात कोण लावणार? तिथे सगळे असेच आहेत."

दोघांनी मेनोकडे पाहिलं. काम मोठं होतं, हे दोघांनाही दिसत होतं.

"होडीघरात ठेवू," आम्ब्रोजो म्हणाला. "डोळ्यांसमोर राहील. पहिल्यांदा दोर बांधायला शिकवतो त्याला."

"तू शिकवणार?" जेर्वाझो गरजला. "तू? अरे, तुला गाठ मारता येत असती तर आज होडी असती आपली!"

"मला येत नाही? मग ये ना! चल, दाखवतो तुला!"

"चल!"

माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. मी तोंड उघडून बसले होते, निरोप द्यायला.

"दोर बांधता येतो मला," मेनो नम्रपणे म्हणाला.

"तू गप्प बस!" दोघं एकदम ओरडले आणि किल्ल्या शोधायला आपापल्या घरात गेले.

आम्ही काठावर पोचलो तेव्हा दुपारचा वारा सुटला होता. आम्ब्रोजोचं कुलूप उघडलं. जेर्वाझोचं गंजलं होतं.

"तेल घातलं नाहीस," आम्ब्रोजो म्हणाला.

"तू घातलंस?"

"दरवर्षी."

जेर्वाझोने कुलूप दोनदा हिसडलं. मग आम्ब्रोजोने खिशातून तेलाची डबी काढली आणि त्याच्या हातात दिली. दार कुरकुरत उघडलं. आत फुटक्या होडीच्या चार फळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. त्या कुणी आणून ठेवल्या, हे मी विचारलं नाही. दोघंही त्यांच्याकडे बघत उभे राहिले. मेनो आत गेला, चौकटीवर कपाळ आपटलं, एक फळी उचलून उलटीसुलटी केली आणि नोएमीला म्हणाला, "अक्रोडाची आहे. अजून चांगली आहे."

"हात लावू नकोस!" जेर्वाझो म्हणाला.

"लावू दे," आम्ब्रोजो म्हणाला. "उद्यापासून त्यालाच लावायचाय."

अंगणात परतलो तेव्हा आमच्याआधी परतलेल्या नोएमीने उरलेली भिंत खरवडून खाल्लेली होती आणि हंड्यात वाइन उकळत होती. पहिल्यांदाच स्वच्छ, लाल, तळापर्यंत दिसणारी. आम्ब्रोजोने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि हंडा धाकट्याकडे सरकवला. जेर्वाझोने घोट घेतला.

"काहीतरी कमी आहे रे," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं," आम्ब्रोजो म्हणाला.