तिसऱ्या झाडापासून पुढे

झाड कसं मरतंय यावरून ते कशानं मरतंय हे कळतं, असं दशांशबाईंचं म्हणणं. पाणी कमी पडलं तर आधी शेंडा मान टाकतो. कीड असेल तर पानाच्या पाठीवर तिच्या खुणा सापडतात. पण पान कडेनं तपकिरी होत होत आत सरकू लागलं, कुणी पेटती काडी कडेनं फिरवल्यासारखं, तर दोष जमिनीत असतो. कुंपणातली तिसरी, चौथी आणि पाचवी कामिनी अगदी अशीच जळत चालली होती.

दशांशबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं काढली. दशांशचिन्हापुढचा आकडा गाळून कुणी अहवाल लिहिला की तो परत पाठवायच्या, म्हणून हाताखालच्या मुलींनी पाडलेलं ते नाव. नोकरी संपली तरी नाव काही सुटलं नाही. नवराही चिडला की तेच वापरायचा.

अंगणाच्या डाव्या कडेला रस्त्यापासून मागच्या भिंतीपर्यंत अकरा कामिनी होत्या. प्रयोगशाळेच्या आवारातून आणलेल्या फांद्या अठरा वर्षांपूर्वी बाईंनी डब्यांमध्ये रुजवल्या होत्या आणि मग ओळीनं लावल्या होत्या. घरातली बाकी प्रत्येक गोष्ट, अगदी पडद्यांचा रंगसुद्धा, नवऱ्याच्या पसंतीची होती. कुंपण तेवढं बाईंचं. चौथ्या आणि पाचव्या झाडामध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट त्यांनी मुद्दाम ठेवली होती. शेजाऱ्याशी जाणं-येणं असावं, म्हणून.

शेजारी म्हणजे मास्तर. त्यांची गाडी शिकवण्याची शाळा होती, आता मुलगा चालवतो. क्लचवर पाय कसा ठेवायचा ते निम्म्या शहराला मास्तरांनीच शिकवलेलं. त्यांनी वर्षापूर्वी नवी रुंद गाडी घेतली, आणि थोड्याच दिवसांत रस्त्याकडची पहिली कामिनी बुंध्यातून मोडली.

"वहिनी, चुकून चाक लागलं हो."

"मास्तर, तीस वर्षं लोकांना गाडी मागं घ्यायला शिकवलीत ना तुम्ही?"

"तेच तर! डॉक्टरला नाही का सर्दी होत?"

महिन्याभरात दुसरी गेली. पुन्हा चाकच लागलं होतं. बाईंनी तोंडापर्यंत आलेलं गिळलं, कारण मंगळवार, गुरुवार आणि शनिवार हे तिन्ही दिवस मास्तरांच्या हातात होते.

नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीन दिवस सकाळी सहाला रुग्णालयात जायचं, चार तास यंत्राला बांधून घ्यायचं आणि पिळलेल्या फडक्यासारखं परत यायचं. सुरुवातीला त्यांनी भाड्याच्या गाड्या केल्या. पहाटे कुणी फिरकायचं नाही, आणि परतताना एकदा एका चालकानं, उलटी होईल या भीतीनं, दोघांना मधल्याच बसथांब्यावर उतरवून दिलं. बाईंना गाडी चालवता येत नव्हती, आणि आता डाव्या डोळ्याला दिसतही कमी होतं. तेव्हा मास्तर आपण होऊन म्हणाले होते, "मी आहे ना, भाऊ." आणि खरोखर होते. एक दिवस चुकला नाही. ते गाडी फटीसमोर आणून उभी करायचे. ओट्यापासून गाडीच्या दारापर्यंत नऊ पावलं. नवरा तेवढी कशीबशी टाकायचा.

असल्या माणसाला दोन झाडांचं काय बोलायचं? बाई गप्प राहिल्या. पण पुढची तीन जळू लागली तेव्हा त्यांच्यातली दशांशबाई काही गप्प बसेना.

त्यांनी जुन्या प्रयोगशाळेतल्या मुलीला फोन केला. "सिल्व्हर नायट्रेट हवंय. थोडंसंच, बोटभर बाटलीत."

"मॅडम, निवृत्त झालात ना?" ती हसली. "आता कुणाचं पाणी परत पाठवताय?"

"पाणी नाही. माती."

शुद्ध पाणी बॅटरीच्या दुकानात मिळालं. बाईंनी चौथ्या झाडाखालची चमचाभर माती एका नळीत घेतली, मागच्या भिंतीजवळच्या अकराव्या झाडाखालची दुसऱ्या नळीत. दोन्हींत पाणी घालून हलवलं, गाळलं आणि औषधाचे थेंब सोडले. अकराव्याचं पाणी जरासं धूसर झालं, एवढंच. चौथ्याचं दुधासारखं पांढरं होऊन तळाला गोळा झालं. मीठ. थोडंथोडकं नव्हे, बादल्याच्या बादल्या ओतल्याशिवाय एवढं मीठ जमिनीत येत नाही. माणसं निदान खाल्ल्या मिठाला जागतात, झाडांना ती सोय नाही.

रविवारी सकाळी मास्तर गाडी पुसत होते. बाई दोन्ही नळ्या घेऊन फटीतून पलीकडे गेल्या.

"हे काय, वहिनी? लस्सी?"

"तुम्ही माझ्या झाडांना घातलेलं मीठ."

मास्तरांनी फडकं पिळलं, बॉनेटवर पसरलं. ते नाकारतील, असं बाईंनी धरलं होतं, आणि त्यासाठी कोणतं झाड कधी गेलं त्या तारखांची वहीसुद्धा आणली होती. मास्तरांनी काहीच नाकारलं नाही. उलट त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं ते आश्चर्य.

"म्हणजे भाऊ तुमच्याशी बोलले नाहीत?"

"काय बोलायचं होतं?"

"अहो, त्यांनीच सांगितलं ना. मी तर काही मागितलं नव्हतं. एकदा येताना गाडीत म्हणाले, मास्तर, तुमचे उपकार माझ्या अंगावर नकोत. तुम्हाला वळायला जागा कमी पडते, तर दोन झाडं काढून टाका. मी म्हटलं, वहिनी खवळतील. तर म्हणाले, चाक लागलं म्हणून सांगा. चिडेल, पण विसरेल."

बाईंच्या हातातल्या नळीतलं पांढरं हललं आणि पुन्हा तळाला बसलं.

"दोन ना? ही तिसरी, चौथी, पाचवी."

"ती माझ्या मनानं," मास्तर खाली बघत म्हणाले. "मागं घेताना अजून अडतंच. तोडली असती तर तुम्हाला त्रास झाला असता. हळूहळू गेली की माणसाला कमी लागतं, वहिनी."

नवरा ओट्यावरच्या खुर्चीत बसला होता. दहा हातांवर तर होता, त्यानं सगळं ऐकलं असणार. शेजाऱ्याकडून आणलेला पाना तेल लावून परत करणारा हा माणूस. फुकटचं पाणीसुद्धा याच्या घशाखाली उतरायचं नाही. लग्नाच्या वेळी बाईंना याच गुणाचं फार कौतुक वाटलं होतं.

"खरंय?" बाईंनी त्याला विचारलं.

"मग काय करू? रोज त्याच्या गाडीत बसताना मान खाली घालू?"

"द्यायचंच होतं तर स्वतःचं काही द्यायचंत."

"माझं काय उरलंय, अगं?" त्यानं सुईच्या खुणांनी गाठाळलेला हात पुढे केला. "हा देऊ?"

"मला विचारायचंत."

"तू नाही म्हणाली असतीस."

"दोन झाडांना हो म्हटलं असतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही विचारलं असतंत तर अकराही दिली असती. कुंपण शेत खातं हे ऐकलं होतं मी. इथं घरानंच कुंपण खाल्लं."

"झाडं ती! माझ्या जिवापेक्षा झाडं मोठी?"

जिवाशी कशाचीही तुलना केली की दुसरी बाजू हरतेच. पण या घरात चाळीस वर्षं प्रत्येक तुलना अशीच मांडली गेली होती, हेही तेवढंच खरं होतं. त्यानं मास्तरांना पढवलेलं चाकाचं खोटं त्यांनी वर्षभर खरं मानलं होतं, आणि तो रोज समोर बसून त्यांना ते मानताना बघत होता. मिठापेक्षा हेच जास्त खोल गेलं.

सोमवारी कुंपणवाला आला. बाईंनी फीत घेऊन त्याला जागा दाखवली. पहिल्या दोन झाडांची जागा सुतळी धरून जाळीबाहेर, मास्तरांच्या बाजूला ठेवली, इंच न् इंच मोजून. ती दिली होती. कुणी दिली हा प्रश्न वेगळा, पण घरातून शब्द गेला होता. तिसऱ्या झाडापासून पुढे मागच्या भिंतीपर्यंत मात्र सलग जाळी.

"बाई, इथं मध्ये वाट दिसतेय. एक दार ठेवू?" कुंपणवाल्यानं चौथ्या-पाचव्यामधली फट दाखवली.

ओट्यावरून नवरा बघत होता.

"नको," बाई म्हणाल्या.

मग नळाला पाइप जोडून त्यांनी तिन्ही झाडांच्या मुळाशी पाणी सोडलं. मीठ असं धुवूनच काढावं लागतं, दुसरा उपाय नाही.

मंगळवारी सकाळी सहाला मास्तरांनी गाडी काढली. जाळी बघून ते क्षणभर थांबले आणि गाडी स्वतःच्या फाटकाशी नेऊन उभी केली. ते गाडीतून उतरले मात्र नाहीत. एरवी उतरून दार उघडून धरायचे.

बाईंनी नवऱ्याच्या काखेत हात घातला. ओटा, अंगण, आपलं फाटक, रस्त्याची कड, मग मास्तरांचं फाटक. बाई पावलं मोजत होत्या. मोजायचं नाही असं ठरवलं होतं, पण सवय. एकोणिसाव्या पावलाला तो थांबला आणि त्यानं आपल्याच फाटकाचा खांब धरला. त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"एक दार ठेवलं असतंस," तो म्हणाला.

"दार होतंच."

तो बराच वेळ उभा राहिला. त्याच्या भाराखाली बाईंचा हात भरून आला, पण त्यांनी तो काढला नाही. जाळीलगत तिसऱ्या झाडाचं उरलेलं पानही रात्रीत गळून पडलं होतं.

"किती दिवस चालायचं हे?" त्यानं विचारलं. कशाबद्दल, ते बोलला नाही. बाईंनी उत्तर दिलं ते मातीबद्दलचं, कारण तेवढंच त्यांना खात्रीनं ठाऊक होतं.

"नीट पाणी मिळालं तर दोन वर्षं. मग नवीन लावता येईल."

"दोन वर्षं," तो म्हणाला आणि मान डोलावली.

मास्तरांनी हॉर्न वाजवला. गाडीपर्यंत अजून बावीस पावलं होती.