पस्तीस मीटरवर

चौदा वर्षं टॉवरवर चढउतार केलेल्या माणसाची आता परीक्षा घेणार, हे ऐकून दयानंद आधी हसला होता. मोबाइल फोनची कंपनी बेंगळुरात येऊन दोनच वर्षं झाली होती; त्याआधी तो सरकारी टेलिफोन खात्याच्या टॉवरवर चढायचा. यंत्रं परदेशातून आली, त्यांच्यामागून इंग्रजी पुस्तकं आली, आणि सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर ऑफिसात नोटीस लागली. रेडिओ विभागातल्या प्रत्येकाने मार्चअखेर प्रमाणपत्र मिळवायचं. आधी लेखी पेपर, मग टॉवरवर चढून प्रत्यक्ष काम. नापास होईल त्याला घरी बसावं लागेल. नोटीस स्वतः वाचल्यावर मात्र दयानंदचं हसू मावळलं. तो डिप्लोमावाला, चाळिशीला टेकलेला. हातात कसब होतं, पण इंग्रजीचं भरगच्च पान समोर आलं की अक्षरं मुंग्यांसारखी हलायला लागत.

घर चामराजपेटेत. आजोबा चिकोडीहून तंबाखूच्या व्यापारापायी आले ते इथलेच झाले. घरात मराठी, पण चुलीपाशी आणि दारात निम्मी कानडी. माडीवरची खोली त्याने ऑफिसातल्याच एका पुण्याच्या मुलाला भाड्याने दिली होती. शुभंकर त्याचं नाव. चोवीस वर्षांचा इंजिनियर, अंगाने बारीक, चष्मा लावणारा. त्याची अडचण दयानंदच्या बरोबर उलटी होती. पुस्तकं त्याला तोंडपाठ होती, आणि टॉवरकडे मान वर करून बघितलं तरी त्याच्या तळहातांना घाम सुटायचा.

"दयाण्णा, लेखी मी तुमच्याकडून करून घेतो," एका सकाळी जिन्यात थांबून तो म्हणाला. "चढायचं तुम्ही माझ्याकडून करून घ्या."

"तू नुसतं वर बघितलास तरी पांढरा पडतोस की."

"म्हणून तर म्हणतोय."

तेव्हापासून रोज ऑफिसच्या आधी तासभर दोघं माडीवर बसू लागले. महानंदा, दयानंदची बायको, दोन्ही मुलींची वेणीफणी उरकून कॉफीचे पेले वर नेऊन द्यायची आणि क्षणभर दारात उभी राहायची. नवऱ्याच्या हातात पेन्सिल तिने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली होती.

"तीन डेसिबल वाढले की ताकद दुप्पट," शुभंकर सांगायचा. "दहा वाढले की दहापट."

"म्हणजे तीन घटले की निम्मी. मग एवढंच लिहायचं सोडून यांनी पान कशाला भरलंय?"

शुभंकर हसायचा. मग तोच मजकूर दयानंदच्या भाषेत समजावून द्यायचा आणि वहीत इंग्रजीत उतरवून घ्यायचा.

रविवारी दोघं हेब्बाळच्या टॉवरवर जात. तिथे गुरू बदलायचा. कमरेच्या पट्ट्याला दोन दोऱ्या, प्रत्येकीच्या टोकाला हूक. "एक सोडायच्या आधी दुसरा अडकलेला पाहिजे," दयानंद बजावायचा. "दोन्ही मोकळे, असं एक श्वासभरसुद्धा नको." पहिल्या रविवारी शुभंकर पाच मीटरवर जाऊन परत आला आणि झाडाखाली बसून चष्मा पुसत राहिला. पुढच्या रविवारी आठ मीटर. संक्रांतीपर्यंत तो वीस मीटरवर जाऊन, खांब कवटाळून का होईना, पण दोन मिनिटं थांबू लागला. दयानंदला त्याचं कौतुक वाटायचं. ज्याला भीतीच नाही त्याचं चढणं वेगळं. हा रोज ती गिळून चढत होता.

त्याच दिवसांत दयानंदचा डावा कान वाजायला लागला होता. लांब कुठेतरी गिरणी चालू असावी तसा आवाज. मग एका सकाळी न्हाणीघरात भिंतच गरगर फिरली आणि तो तांब्यासकट खाली बसला. मार्केटजवळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कानाच्या आतल्या भागाचा आजार आहे, झटका केव्हाही येईल, अर्ध्या तासात ओसरेल, पण उंचावर चढायचं नाही. दयानंदने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. महानंदाला सांगितलं की पित्त झालंय. परीक्षेच्या अर्जात "चक्कर येते का" असा प्रश्न होता, तिथे त्याने "नाही" लिहिलं.

फेब्रुवारीत हेब्बाळला टॉवरवरून उतरून तो जमिनीवर पोचतो न पोचतो तोच झटका आला. गवतावर आडवा पडून तो ओकला. शुभंकरने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं आणि ओसरल्यावर विचारलं. मग लपवण्यात अर्थ नव्हता. दयानंदने चिठ्ठी दाखवली.

"ऑफिसात सांगायला पाहिजे, दयाण्णा."

"सांगितलं तर उद्याच घरी बसवतील. प्रमाणपत्र मिळालं की मला प्लॅनिंगला घेणार आहेत, टॉवर सुटेल. एकदाच चढायचं आहे रे."

"आणि नेमकी तेव्हाच चक्कर आली तर?"

"महिन्या-दीड महिन्यातून एकदा येते. आज येऊन गेली." दयानंदने त्याचा हात धरला. "कुणाला बोलू नकोस. महानंदाअक्कालासुद्धा."

शुभंकरने चिठ्ठीची घडी घालून ती त्याच्या खिशात ठेवली. मग म्हणाला, "सरी." 'बरं' अर्थाचा हा एक कानडी शब्द त्याला छान जमायचा.

लेखी परीक्षेत दोघंही पास झाले. दयानंदला शंभरात एकाहत्तर मिळाले. महानंदाने पुरणाचे होळिगे केले आणि शुभंकरच्या पानात न विचारता चौथा वाढला.

प्रत्यक्ष परीक्षा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, बोम्मसंद्राच्या एका कारखान्यामागच्या टॉवरवर होती. काम जोडीने करायचं होतं आणि या दोघांनी एकमेकांचीच नावं दिली होती. पस्तीस मीटरवर रेडिओ लहरी पकडणारी एक तबकडी होती. ती वळवून समोरच्या टॉवरशी जुळवायची. एकाने पाना चालवायचा, दुसऱ्याने मीटर वाचायचा. खाली परीक्षक आणि विभागप्रमुख देवाप्पा खुर्च्या टाकून बसले होते.

शुभंकर वर पोचला तेव्हा त्याचे ओठ कोरडे पडले होते, पण हात चालत होते. दयानंदने पाना फिरवला. मीटरचा आकडा चढला, मग उतरला.

"हा चढ खोटा," दयानंद म्हणाला. "खरा याच्या पुढे असतो. बघत राहा."

तसंच झालं. आकडा पुन्हा चढू लागला, आधीपेक्षा कितीतरी वर गेला. शुभंकरने "बास" म्हटलं. दयानंदने नट आवळला. तेवढ्यात डाव्या कानातली गिरणी एकदम जवळ आली.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. खालचे कारखान्याचे पत्रे आभाळात गेले. पाना हातातून सुटला आणि लोखंडावर आपटत खाली गेला. पट्टा होता म्हणून तो पडला नाही, पण मागे लोंबकळला, आणि कुठला हात कुठे आहे तेच कळेना. मग मागून कुणीतरी त्याला पुढे रेटून खांबाशी दाबलं. शुभंकर होता. एका हाताने खांब धरून त्याने दुसऱ्या हाताने आपली एक दोरी पट्ट्यातून काढली आणि दयानंदच्या काखेखालून घेऊन खांबाला आवळली.

"डोळे मिटा, दयाण्णा. मी आहे."

कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. देवाप्पा खालून विचारत होते, काय झालं, कोण आहे, काय पडलं.

शुभंकरने बटण दाबलं. "सर, मला चक्कर आली. दयाण्णांनी धरलंय. थोडा वेळ द्या."

दयानंदने ते ऐकलं. नाही म्हणायला तोंड उघडलं तर ओकारीच आली.

पाऊणएक तास ते तसेच राहिले. खालून बघणाऱ्यांना एकमेकांना बिलगलेले दोघं दिसत होते, आणि त्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला. नवशिक्या पोरगा घाबरलाय, अनुभवी माणसाने त्याला सांभाळलंय. हळूहळू लोखंड जागेवर आलं. वारा वाढायला लागला होता.

"उतरायला पाहिजे," शुभंकर म्हणाला. "मी खाली राहतो. तुमचे पाय एकेका पायरीवर मी ठेवत जातो."

"तुझी दोरी घे आधी."

"तुम्हाला कमरेखेरीज काखेखालूनही आधार पाहिजे. अजून डुलताय तुम्ही. माझं एका हुकाने भागेल."

दयानंदने हट्ट करायला हवा होता. चौदा वर्षांत त्याने कुणालाही एका हुकावर उतरू दिलं नव्हतं. पण लवकर खाली पोचायचं एवढंच त्याला सुचत होतं, आणि त्याने पाय खाली सोडला.

अर्धा टॉवर उतरून झाला. शुभंकर आधी दयानंदची टाच धरून पायरीवर ठेवायचा, मग आपला हूक सोडून हातभर खाली अडकवायचा. आडव्या पट्टीपाशी त्याने असाच हूक सोडला. घामाने चष्मा घसरला असावा, कारण त्याने मान झटकली. दयानंदला टाचेवरची बोटं सुटलेली जाणवली. ओरडण्याचा आवाज आलाच नाही. खाली खुर्ची सरकल्याचा आला.

दयानंदला दोन माणसांनी जाऊन उतरवलं. पोलिसांनी त्याच दिवशी जबाब घेतला, पण ते कानडीत त्याला काय विचारत होते आणि तो काय मान हलवत होता, त्याचं त्यालाच भान नव्हतं. वॉकीटॉकीवरचं वाक्य परीक्षकांनी ऐकलं होतं, देवाप्पांनी ऐकलं होतं. अहवालात तेच आलं. उमेदवाराला उंचीच्या भीतीने चक्कर आली, सोबतच्याने शिकस्त केली, उतरताना उमेदवाराने पट्ट्याचा नियम पाळला नाही.

शुभंकरची आई, हेमलताबाई, आपल्या भावाला घेऊन पुण्याहून आल्या. त्या शाळेत शिकवत. नवरा दहा वर्षांपूर्वी गेलेला. अंत्यसंस्कार इथेच झाले. नंतर तीन दिवस त्या माडीवरच्या खोलीत राहिल्या, मुलाचे कपडे घड्या घालून ट्रंकेत भरत. महानंदा त्यांच्यापाशी बसायची. दयानंद जिन्याच्या पायथ्याशी यायचा आणि परत फिरायचा. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून माणूस पाकीट देऊन गेला. काम पुरं झालं होतं, आकडा बरोबर होता, म्हणून दयानंदला पास केलं होतं. पाकिटात प्रमाणपत्र होतं आणि कौतुकाचं पत्र.

तिसऱ्या दिवशी निघायच्या आधी बाईंनी त्याला वर बोलावलं. भाऊ रिक्षा आणायला गेला होता.

"तुमचे आभार मानायचे राहिले," त्या म्हणाल्या. "साहेबांनी सांगितलं, तुम्ही त्याला तासभर धरून होतात."

दयानंद दाराची चौकट धरून उभा राहिला.

"लहानपणापासून भित्रा हो तो. गच्चीच्या कठड्यापाशीही जायचा नाही. येताना गाडीत मी मनातून त्याच्यावर चिडले होते. झेपत नव्हतं तर चढला कशाला? स्वतः गेला, आणि तुमचाही जीव घेतला असता." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "आईने असं म्हणू नये. पण रोज तेच मनात येतं."

दयानंद खाली बसला, जमिनीवरच. मग त्याने सगळं सांगितलं. कान, चिठ्ठी, अर्जातलं "नाही", हेब्बाळला घेतलेलं वचन, दोरी, वॉकीटॉकी. काही वगळलं नाही. महानंदा जिन्यात उभी होती, तिनेही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

खाली रिक्षा येऊन थांबली.

"म्हणजे तो घाबरला नव्हता," त्या म्हणाल्या.

"घाबरला होता, बाई. रोज घाबरायचा. पण त्या दिवशी मला सोडून उतरला नाही."

"हे लिहून द्या. त्यांच्या कागदावर माझा मुलगा भित्रा म्हणून राहायला नको."

"देतो."

"आणि तुम्हाला काय म्हणावं ते मला सुचत नाही. चांगलं काही सुचत नाही. ते लिहिलेलं मला पाठवा. त्याखेरीज पत्र लिहू नका."

ट्रंक उचलायला तो पुढे झाला तर त्यांनी हात आडवा केला. भाऊ येऊन ट्रंक घेऊन गेला.

देवाप्पांनी त्याने लिहून आणलेला कागद वाचून टेबलावर पालथा घातला. ते बेळगावकडचे, दयानंदशी मराठीतच बोलत. "गेलेला पोरगा परत येणार आहे का? तू आत जाशील, मी जाईन. डॉक्टरी तपासणी न करता चढवलं म्हणून कंपनीवर येईल. दोन मुली आहेत ना तुला?"

"आहेत, साहेब."

"मग?"

"त्याने माझ्यासाठी खोटं सांगितलं. ते तसंच राहू देणं माझ्याच्याने होत नाही."

कागद घ्यायला ते तयार झाले नाहीत, तेव्हा दयानंदने तो रजिस्टरने पाठवला. एक प्रत पोलिसांना नेऊन दिली. पुन्हा जबाब झाला. या वेळी प्रत्येक शब्द त्याने नीट ऐकून सांगितला. पंधरा दिवसांत प्रमाणपत्र रद्द झालं, नोकरी गेली, आणि खोटी माहिती दिल्याचा खटला उभा राहिला. तारखा पुढे दोन वर्षं पडत राहिल्या.

नोकरीबद्दल महानंदाने अवाक्षर काढलं नाही. एवढंच म्हणाली, "मला पित्त म्हणून सांगितलात. मला खरं सांगितलं असतंत तर मी दाराला आडवी पडले असते. तो पोरगा राहिला असता."

पावसाळा संपता संपता सुधारलेला अहवाल आला. त्यात एक ओळ बदलली होती. उमेदवार आजारी सहकाऱ्याला खाली उतरवत असताना पडला. दयानंदने त्याची आणि आपल्या कागदाची प्रत काढून रजिस्टरने पुण्याला पाठवली, सोबत चिठ्ठी जोडली नाही. दहा दिवसांनी पोचपावती परत आली. तिच्यावर बाईंची सही होती, शाळेतल्या बाईंची असावी तशी, वळणदार आणि ठसठशीत.

"काय आलं?" महानंदाने आतून विचारलं.

"पोचलं म्हणून," तो म्हणाला.