इंदूबाईची शेळी आणि मोनालीचं स्वगत

बाभुळगावच्या त्या आळीत भांडणाची एक रीत आहे. ज्याच्याशी भांडायचं त्याचं नाव घ्यायचं नाही. अंगणातल्या शेळीला बोलायचं. शेळीला काही कळत नाही, कुंपणापलीकडच्या माणसाला सगळं कळतं.

मोनाली आणि शेजारची इंदूबाई यांच्या घरांत मोरीच्या पाण्यावरून अबोला होता. मोनालीची शाळा संपली, कॉलेज संपलं, अबोला चालूच.

नागपूरच्या एका नाटक मंडळीने यवतमाळला ऑडिशन ठेवली. संतापलेल्या बाईचं छोटंसं स्वगत करायचं होतं. निवड झाली तर मोनाली नागपूरला जाणार. नाही झाली तर दारव्ह्याचं स्थळ तयारच होतं, तांदळाच्या अक्षता तेवढ्या बाकी.

मोनालीने चार वाक्यं जुळवली आणि अंगणात उभी राहून म्हणाली, “किती सहन करायचं मी? तुझ्या घरात माणुसकी आहे का?”

कुंपणापलीकडे घासायचा गंज दगडावर आदळला.

“चंपे,” इंदूबाई आपल्या शेळीला म्हणाली, “माणुसकी म्हंते वं! पाहुणा दिसला का चहाची गाळणी लपवतेत हे लोक, अन् आपल्याले शिकवून राह्यली!”

मोनाली आधी चिडली. मग तिने मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

रोज ती एक वाक्य फेकायची आणि रोज पलीकडून तीन यायची. शेवटी तिने स्वतःची सगळी वाक्यं टाकून दिली आणि इंदूबाईची ठेवली. यवतमाळला परीक्षक खुर्चीत सरसावून बसले.

“भाषा कुठून आणली?”

“बाजूचीच आहे, सर.”

पहिल्या फेरीत निवड झाली. दुसरी फेरी रविवारी, नवीन स्वगत, आणि लांब.

मोनालीच्या आईने, शीलाने, आळीभर पेढे वाटले. सोबत स्वगत कुठून आलं तेही वाटलं.

सोमवारी मोनालीने अंगणात तोंड उघडलं. पलीकडे इंदूबाई तुरीची डाळ निवडत होती. गप्प. मोनालीने केर कुंपणाशी लोटला. गप्प. मोरीचं पाणी पलीकडे सोडलं. इंदूबाईने पाय वर घेतले आणि खडा बाजूला काढला. शेळीशीसुद्धा बोलली नाही.

शनिवार उजाडला. मोनालीकडे एकही वाक्य नव्हतं.

“इंदूमावशी!” ती ओरडली. नाव घेतलं गेलं, तसे आळीत भांडी घासणारे हात थांबले. “बोलत काहून नाई तू? एरवी त तोंड बंद नसते तुयं! माह्या आजीनं तुयी दोन्ही बाळंतपणं काढली, अन् तिच्या मयताले तू दार लावून बसली! पाण्यापायी! मी तुह्या ताटात जेवलती लहानपणी. त्या दिवशी मी तुयं दार वाजवलं. आतून कुकरची शिट्टी आयकली मी, मावशी! सैपाक चालू होता तुया!”

ती बोलतच राहिली. शेवटी आवाज फाटला आणि ती रडली.

इंदूबाईने डाळीचं सूप उचललं. चेहरा दगडासारखा.

“चंपे,” ती शेळीला म्हणाली, “कुकरपर्यंत बरं होतं. मंग रडली, अन् सारं पातळ केलं. अशीले यवतमाळवाले घेत नाईत.”

आणि आत जाऊन तिने दार आपटलं.

मोनालीने डोळे पुसले, घसा खाकरला आणि त्या बंद दाराकडे तोंड करून पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला ती रडली नाही. सोमवारपासून पलीकडे सोडलेलं मोरीचं पाणीही तिने बंद केलं नाही.