‘झालं’नंतरचा फोटो

फ्रेमवाल्याच्या दुकानात माणूस आयुष्यात दोनदाच मनापासून येतो. घरात लग्न झालं की, आणि घरातलं कोणी गेलं की. एरवी त्याला भिंत दिसत नाही. म्हणून बाटल्यांच्या कारखान्याच्या साहेबांनी अख्ख्या पॅकिंग विभागाच्या फोटोंना फ्रेमा सांगितल्या, तेव्हा खूश झालो खरा, पण मनात एक खडा टोचलाच. धडधाकट माणसांना एवढ्या फ्रेमा कोण करतं?

फोटो धाकटीने काढलेले. धाकटी म्हणजे माझ्या दुकानाला लागून असलेल्या स्टुडिओची मालकीण. वरच्या मजल्यावर तिची ताई आणि ताईचे यजमान राहतात. धाकटी त्यांच्याकडेच जेवते, झोपते आणि भांडते. ती त्यांना भावोजी म्हणते, म्हणून सगळी गल्ली त्यांना भावोजी म्हणते. भावोजी त्याच कारखान्यात बाटल्या तपासतात. उजेडाच्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत जातात. जिच्यात तडा किंवा बुडबुडा दिसेल ती उचलून बाजूला टाकायची. त्यांच्या डोळ्यांवर घर चालतं. धाकटीचा पहिला कॅमेराही त्या डोळ्यांवरच आला.

संध्याकाळी ते माझ्याकडे टेकायला येत. डावीकडून कोणी हाक मारली की भावोजी नुसती मान वळवत नसत, खुर्चीसकट वळत. माझ्या ते ध्यानात आलं होतं. पण लोकांकडे वाकून बघणं हा माझा स्वभाव असला, तरी बघितलेलं बोलून दाखवायचं नाही एवढी अक्कल मला आहे.

धाकटी शिकली मास्तरांच्या हाताखाली. मास्तर म्हणजे या स्टुडिओचे आधीचे मालक. त्यांनी तिला काय नाही शिकवलं? खिडकीचा उजेड पांढऱ्या पुठ्ठ्यावरून गालावर कसा फिरवायचा, चष्म्यातली चमक कशी घालवायची, श्वास रोखून बटण कसं दाबायचं. मास्तरांचा हात पक्का होता, फक्त मंत्र एकच. “हनुवटी खाली, खांदा तिरपा, हसा. एवढं नको, लग्न तुमचं नाही.” त्यामुळे त्यांच्या फोटोत वकील, न्हावी, नवरी आणि नवरीचा सासरा, सगळे एकाच आईची लेकरं दिसत. मी फ्रेमा करताना पाठीमागे पेन्सिलीने खूण करायचो, नाहीतर कोणाचा बाप कोणाच्या घरी गेला असता.

धाकटीला तेच खटकायचं. “काका, माझा फोटो नाव न बघता ओळखता आला पाहिजे. हा हिनेच काढलाय, असं.”

“आधी माणूस ओळखू येऊ दे,” मी म्हणायचो, “मग तू.”

ती वाट सापडली चुकून. एक वकील आले होते. छाती फुगलेली, भुवया वर, जणू निकाल लागायचाय. धाकटीने फोटो काढला, “झालं” म्हणाली, आणि कॅमेरा स्टँडवरून काढता काढता तिचं बोट बटणावर राहिलं. वकिलांची छाती खाली आली, ओठ सुटले, डोळे कुठेतरी लांब गेले, आणि तो चेहरा कॅमेऱ्यात आला. मी दोन्ही फोटो पाहिले. पहिला मास्तरांच्या धाटणीचा होता. दुसऱ्यात एक दमलेला माणूस बसला होता आणि त्याला कोणाशीच भांडायचं नव्हतं. वकिलांच्या बायकोने दुसराच उचलला. “हे आमचे,” एवढंच बोलली आणि पदर डोळ्याला लावला.

तिथून धाकटीने ते अंगी बाणवलं. आधी चुकून, मग ठरवून. “झालं” म्हणताना आवाजातला ताण काढून टाकायला ती शिकली. कॅमेऱ्यापासून तोंड फिरवायची, पण लांबून बटण दाबायची तार मुठीत ठेवायची. कुठला माणूस लगेच विरघळतो, कुठल्याला वेळ द्यावा लागतो, हे तिला बसल्या बसल्या कळायला लागलं. मुरलेला कोळी जाळ्याकडे बघतसुद्धा नाही, तशी ती गिऱ्हाइकाकडे बघायची नाही. कौतुक म्हणूनच सांगतोय. तेव्हा तरी कौतुकच वाटत होतं.

नाव झालं. ते ऐकून साहेब आले.

साहेब फार गोड. मी एवढ्या गोड माणसांना काच कापताना जवळ उभं राहू देत नाही. ते म्हणाले, कारखान्याच्या मोठ्या हॉलमध्ये एक भिंत करायची आहे, ‘आमची माणसं’ म्हणून. सगळ्यांचे फोटो, साहेबांपासून झाडूवालीपर्यंत. “आणि मला ते पोज दिलेले नकोत हं,” ते धाकटीला म्हणाले. “तुमचे ते दुसरे हवेत. खरे.”

खरे म्हटल्यावर धाकटीला आणखी काय पाहिजे होतं!

पॅकिंगच्या फ्रेमा मी हौसेने केल्या. एक पोक्त बाई होती, ‘झालं’नंतर तिने मनगट दाबून धरलं होतं. एका रखवालदाराचे डोळे बसल्या जागी मिटायला लागले होते. एक तरुण मुलगी होती, तिचा हात आपोआप पोटावर गेला होता आणि चेहऱ्यावर असं काही आलं होतं की मी काच पुसायची थांबलो. फोटो म्हणून पाहिलात तर एकाहून एक. भिंत लागली, साहेबांनी धाकटीला सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

मग कारखान्याचा ड्रायव्हर तीन फ्रेमा घेऊन माझ्याकडे आला. “फ्रेम तीच ठेवा. फोटो बदला.”

“काच फुटली का?”

“नाही. माणूस गेला.”

“अरे देवा! कधी?”

“तसा नाही हो गेला. साहेबांनी घरी बसवला.”

मनगटवाली बाई, रखवालदार आणि ती मुलगी. तिघांचे फोटो मी मागचे खिळे काढून बाहेर घेतले. त्या जागी नव्या तीन लोकांचे बसवले. मापं तीच, पुठ्ठा तोच. माझ्या धंद्यात मेलेल्याचा फोटोसुद्धा कोणी बाहेर काढत नाही.

मी धाकटीला बोलावलं आणि ते तीन फोटो टेबलावर मांडले. तिने पाहिले. तिचा चेहरा उतरला, पण जीभ शाबूत होती.

“मी फोटो काढते, काका. पुढचं त्यांचं ते बघतील.”

“सुरीला धार लावणारा पण तेच म्हणतो.”

“म्हणजे मी काय, खोटे फोटो काढू? पुन्हा हनुवटी खाली, खांदा तिरपा?”

“मी कुठे काय म्हणालो? मी फ्रेमवाला. पण बघ, ती मुलगी अजून आईलासुद्धा बोलली नसेल. तुझ्या भिंतीने आधी साहेबांना सांगितलं.”

ती त्या मुलीचा फोटो घेऊन गेली. स्टुडिओत त्याचं काय केलं, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई खाली आली. ताई सहसा दुकानात येत नाही, गॅलरीतूनच ओरडते. आज दार लोटून घेतलं आणि धाकटीलाही माझ्याकडेच बोलावलं.

“तुमच्यापासून काय लपलंय, काका,” ती म्हणाली, आणि बहिणीकडे वळली. “तपासणी विभागाचे फोटो परवा आहेत. यांना वगळ.”

“भावोजींना? का?”

“डावा डोळा गेलाय त्यांचा.”

धाकटी हसली. खरंच हसली. “काहीतरीच. परवा मला सुईत दोरा ओवून दिला त्यांनी.”

“मी ओवला. तू मान खाली घालून बसली होतीस.” ताईचा आवाज फुटला नाही, उलट कोरडा झाला. “कारखान्याच्या डॉक्टरकडचा तो अक्षरांचा तक्ता त्यांना तोंडपाठ आहे. बाटल्या ते एका डोळ्यावर काढतात, आणि आजवर एक फुटकी पुढे गेलेली नाही. सरळ बसले की कळत नाही. सैल झाले की मान फिरते. सगळ्या जगाचं सैल झालेलं तोंड तू टिपतेस. घरातलं तेवढं दिसलं नाही तुला?”

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

“वगळता येणार नाही, ताई,” धाकटी शेवटी म्हणाली. “साहेबांकडे सगळ्यांची नावं आहेत. पण मी दुसरा फोटो काढणारच नाही. त्यांना सांग, मी ‘झालं’ म्हटलं तरी हलू नका. उठेपर्यंत सरळ समोर बघा. तार हातात धरत नाही मी. शप्पथ.”

ठरल्या दिवशी मीही हॉलमध्ये होतो. नव्या रांगेच्या फ्रेमा आधी रिकाम्याच टांगायच्या, मग त्यात फोटो सरकवायचे, असं साहेबांनी ठरवलं होतं. मी स्टुलावर चढून खिळे मारत होतो. स्टुलावरच्या माणसाला सगळं दिसतं आणि त्याला कोणी बघत नाही.

तपासणीवाले एकेक करून खुर्चीवर बसत होते. पॅकिंगचं काय झालं ते आता कारखाना ओळखून होता. धाकटी “झालं” म्हणायची आणि माणूस तसाच. हसू तसंच, पाठ तशीच. उठेपर्यंत, दारापर्यंत, दाराबाहेर जाईपर्यंत तसाच. एक जण तर हसत हसतच दाराला धडकला, आणि तरी कोणी हसलं नाही. हॉलमध्ये माझ्या हातोडीशिवाय आवाज नव्हता. मी हळू मारायला लागलो.

साहेब कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. त्यांना राग वगैरे आलेला दिसत नव्हता. गावातला बुद्धिबळवाला दुसऱ्याचा डाव बघतो, तसे बघत होते.

भावोजी आले. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून बसवलेले. ताईचा हात दिसत होता सगळीकडे. बसले, समोर पाहिलं, दोन्ही डोळे एका रेषेत. धाकटीने फोटो काढला. मग कॅमेऱ्यापासून बाजूला झाली आणि रिकामे हात पुढे करून उभी राहिली, साहेबांना दिसतील असे.

“झालं,” ती म्हणाली.

भावोजी हलले नाहीत. मुरलेल्या नटालाही जमलं नसतं असे बसले होते.

“दुसरा?” साहेब म्हणाले.

“हाच चांगला आलाय, साहेब. खरा आलाय.”

“तुम्ही म्हणता म्हणजे असणारच.” साहेब उठले. टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि पाऊल न वाजवता भावोजींच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. ग्लास पुढे धरला. बोलले काहीच नाहीत.

ग्लास भावोजींच्या गालापासून वीतभर अंतरावर होता. भावोजी समोर बघत होते, शांत, सांगितल्यासारखे.

ग्लास तसाच. साहेब भावोजींकडे बघत नव्हतेच. ते धाकटीकडे बघत होते.

आणि धाकटीला राहवलं नाही. “भावोजी,” ती पटकन म्हणाली, “पाणी. डावीकडे.”

भावोजींनी मान न वळवता हात नेला. हुशारच माणूस. पण एका डोळ्याच्या माणसाला अंतर कळत नाही. बोटं ग्लासाच्या अलीकडेच मिटली. रिकामी. मग जरा पुढे गेली, ग्लासाला धडकली, पाणी इस्त्रीच्या शर्टावर सांडलं.

“झालं,” साहेब म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या रुमालाने भावोजींचा शर्ट टिपला, अगदी मायेने. “बसा, बसा. काही घाई नाही. आत्ताच कोणी काही बोलत नाहीये.” भावोजी उठले तेव्हा मान डावीकडे वळलेली होती. लपवायचं काही उरलं नव्हतं, मग मानेला तरी कशाला त्रास? जाताना ते धाकटीच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. तोही थोडा अलीकडेच पडला.

धाकटी स्टँडचे पाय मिटायला लागली. एक पाय मिटेना. “मी भट्टी विभागाला येणार नाही, साहेब,” ती खाली बघूनच म्हणाली. “दुसरं कोणी बघा.”

“अहो, हरकत नाही. तुम्ही रागावू नका.” साहेब मनापासून बोलत होते, हेच वाईट. “तुमच्याकडून फार शिकलो मी. कालच एक कॅमेरा घेतलाय. हात अजून बसायचाय, पण बघायचं कसं ते समजलंय.” मग वर माझ्याकडे पाहिलं. “या रांगेतली शेवटची फ्रेम मोकळीच राहू द्या हं.”

मी मान डोलावली आणि फ्रेम सरळ करायला लागलो. ती सरळच होती. रिकाम्या काचेत मला माझा चेहरा दिसला, खिळे दातात, गाल लोंबलेले, एक म्हातारा घाबरलेला माणूस. मी खिळे काढले, तोंड मिटलं, भुवया जरा वर केल्या.

काचेत माझ्या खांद्यामागे साहेब उभे होते. वाट बघत.